‘मेरी मेन’ म्हणजे कुणाची माणसं?

इंग्रजी पेपरात एक शब्द अधूनमधून दिसतो. एखादा मंत्री आपली माणसं घेऊन दौऱ्यावर निघाला, एखादा बिल्डर पोरं घेऊन झोपडपट्टीत घुसला, की बातमीदार लिहितो, अमुक साहेब अँड हिज मेरी मेन. थोडा टोमणा, थोडं कौतुक. वाचणारा गालात हसतो, पान उलटतो, चहा संपवतो.

मेरी म्हणजे खुशीत असलेला, मजेत असलेला. हिंदीतलं ‘मेरी’ नव्हे. पण आमच्या टोळीतल्या एका बिहारी साथीदाराला मी हा शब्द वाचून दाखवला तर तो म्हणाला, मतलब, मेरे आदमी. त्याचं इंग्रजी चुकलं, अर्थ नाही चुकला. कारण या शब्दाच्या आधी ‘हिज’ येतोच येतो. त्याची माणसं. मेरी मेन कधी सुटे नसतात. ते कुणाच्या तरी मालकीचे असतात.

मराठीत आणायचा तर मी ‘खुशाल गडी’ म्हणेन. गडी या आपल्या शब्दात तीच गोम आहे. मैदानात बरोबरीनं खेळतो तो गडी. आणि वाड्यावर पाणी भरतो, घोड्याला दाणा घालतो, मालकाची खरकटी उचलतो, तोही गडीच. इंग्रजी ‘मॅन’चीही तीच तऱ्हा. एका शब्दात दोस्त आणि नोकर दोघांना कोंबलंय. नेत्याला गरज लागली की तुम्ही दोस्त, गरज सरली की नोकर. दोस्तांनो, मला या गोमेवर लिहायचंय. आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरं या घटकेला कुणाची तरी खुशाल गडी आहेत, आणि कोर्टातल्या तारखा मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत.

शब्द रॉबिन हुडच्या गोष्टीतला, हे सगळ्यांना ठाऊक. शेरवूडचं जंगल, हिरवे कपडे, धनुष्यबाण, श्रीमंताला लुटा, गरिबाला वाटा. आपल्याकडे तर ही गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की २०१० सालच्या ‘दबंग’मध्ये लाच खाणारा फौजदारच स्वतःला रॉबिनहुड पांडे म्हणवून घेतो आणि थिएटर शिट्ट्या मारतं. पण मूळ गोष्ट इंग्रजांच्या जुन्या पोवाड्यांत आहे. ते पोवाडे आता छापील मिळतात, शेजारी आजच्या इंग्रजीत अर्थ दिलेला असतो. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि एक डिक्शनरी, एवढ्या भांडवलावर मी ते रात्रपाळीत, बार्जची वाट बघताना वाचले. आणि वाचताना कळलं की सिनेमावाल्यांनी आपल्यापासून बरंच लपवलंय.

आधी शब्दाचं कूळ काढू. माणसांची कुळं काढायची खोड त्यांची. आपण शब्दांची काढू.

चौदाव्या शतकाच्या शेवटी शेवटी चॉसर या इंग्रज कवीनं ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलं. त्यात सर टोपाझ नावाच्या एका सरदाराची टिंगल आहे. या सरदाराला राक्षसाशी लढायला जायचं असतं, आणि निघण्याआधी तो आपल्या मेरी मेनना हुकूम सोडतो की माझी करमणूक करा. बघा. खुशाल गडी इथं जंगलात नाहीत, वाड्यावर आहेत. त्यांची खुशी त्यांची स्वतःची नाही. मालकाला खूश करण्याची ती ड्युटी आहे.

याहून बोलका कागद १४३९ सालचा. डर्बीशायरातल्या पीअर्स व्हेनेबल्स नावाच्या इसमाविरुद्ध इंग्लंडच्या पार्लमेंटकडे एक अर्ज गेला. यानं आपल्या ‘कपड्यातली’ माणसं गोळा केली, एक कैदी सोडवला आणि मग जंगलात गेला, जणू काही रॉबिन हुड आणि त्याची ‘मेनी’, अशी तक्रार. मेनी म्हणजे बड्या माणसाच्या पदरी असलेला जमाव, त्याच्या घरचं खाणारी, त्याच्या हुकुमात राहणारी माणसं. ‘मेरी’ आणि ‘मेनी’ हे एकच शब्द आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या ‘मेनी’तूनच इंग्रजीतला एक शब्द निघालाय जो आपल्याला डिक्शनरीत शोधावा लागत नाही. मेनियल. मेनियल जॉब. झाडू, गटार, हमाली, उष्टं-खरकटं. आधी त्याचा अर्थ फक्त घरातला, पदरचा माणूस. मग पदरचा म्हणजे हलका. मग हलकं काम. नेत्याच्या एकनिष्ठ अनुयायाला एका तोंडानं मेरी म्हणतात आणि दुसऱ्या तोंडानं मेनियल. मधलं अंतर फार नाही, एवढंच सांगायचंय.

आणि ‘कपड्यातली माणसं’ म्हणजे काय? तर त्या काळात इंग्लंडातले सरदार आपल्या माणसांना एका रंगाचे कपडे आणि छातीवर लावायचे बिल्ले वाटायचे. हे बिल्लेवाले मग साक्षीदाराला दम दे, कोर्टाबाहेर गर्दी करून पंचांना घाबरव, शेजाऱ्याची जमीन बळकाव, असली कामं करायचे. एवढी बोंब झाली की राजांना १३९० साली आणि पुन्हा १४६८ साली या कपडे-बिल्ले वाटपावर कायदे करावे लागले. कायदे दोनदोनदा करावे लागतात म्हणजे ते कुणी पाळत नव्हतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तर रॉबिन हुडच्या माणसांचे हिरवे कपडे त्यातलेच. सिनेमात वाटतं झाडांत दडता यावं म्हणून हिरवे. असतीलही. पण ते आधी वर्दी आहेत. त्या वर्दीवर लिहिलंय, हा माणूस अमक्याचा.

‘गेस्ट ऑफ रॉबिन हुड’ नावाचा एक लांबलचक पोवाडा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या त्याच्या प्रती सापडतात, रचना त्याहून जुनी. त्यात एक प्रसंग मला फार आवडतो. लिटल जॉन नाव बदलून नॉटिंगहॅमच्या शेरीफकडे चाकरीला राहतो. एक दिवस शेरीफ शिकारीला जातो, जॉनला जेवायला कुणी विचारत नाही. दुपार टळते. जॉन कारभाऱ्याकडे जेवण मागतो, कारभारी म्हणतो मालक येईपर्यंत मिळणार नाही. मग मारामारी. शेवटी शेरीफचा आचारी उठतो, आणि तो असा काही तलवार चालवतो की जॉन थक्क होतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढं उभा राहिलेला माणूस! जॉन त्याला म्हणतो, चल आमच्यात. आणि काय कबूल करतो? वर्षाला दोन जोड कपडे आणि वीस मार्क पगार. मार्क म्हणजे त्या वेळच्या पौंडाचे दोन तृतीयांश. आचारी हो म्हणतो, आणि दोघं शेरीफची चांदीची भांडी आणि तीनशे पौंडांहून जास्त रोकड उचलून जंगल गाठतात.

वीस मार्क. दोन जोड कपडे. याला पोवाडा लाजत नाही. माझ्या जातीच्या माणसाला ही ओळ वाचून हायसं वाटतं, जात म्हणजे इथं हमालाची. हे खुशाल गडी हवा खाऊन खुशाल नव्हते. रोज ठरलेला होता. निष्ठेचा भाव सांगितलेला होता. आता इथं आमच्याकडं निष्ठा मागतात आणि रोज विचारला तर म्हणतात, चळवळीत पैसा आणतो, लाज नाही वाटत?

आणखी एक जागा सिनेमात कुणी दाखवत नाही. पोवाड्याच्या शेवटाकडे राजा एडवर्ड साधूच्या वेशात जंगलात येतो, ओळख पटते, रॉबिन गुडघे टेकतो, माफी मिळते. मग राजा गमतीनं रॉबिनकडून हिरवं कापड विकत घेतो आणि आपल्या लोकांसह तीच वर्दी घालून नॉटिंगहॅमकडे निघतो. गावानं बघितलं, हिरव्या कपड्यांचा लोंढा येतोय. राजाला मारलं, आता आपली धडगत नाही! माणसं पळत सुटली. ज्या म्हाताऱ्यांना चालवत नव्हतं त्या काठ्या टेकत लंगडत पळाल्या. राजा हसला.

त्या म्हाताऱ्या कशाला पळाल्या? गरिबांचा कैवारी येत असेल तर गरीब म्हातारी दाराशी येते, पळत नाही. हे पोवाड्यानं विनोद म्हणून सांगितलंय, पण मला वाटतं नकळत खरं बोलून गेला. वर्दीतला लोंढा रस्त्यावर आला की म्हातारी आधी दार लावते. मग तो हिरवा असो, भगवा असो, की आपला निळा असो. आपण बंदच्या दिवशी कुणाच्या टपरीचं शटर खाली ओढलं, एकदा आठवून बघा.

आता ज्या पोवाड्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो. ‘रॉबिन हुड आणि साधू’. १४५० नंतरच्या एका हस्तलिखितात तो सापडतो. रॉबिन हुडच्या सगळ्यांत जुन्या पोवाड्यांपैकी एक.

रॉबिनला नॉटिंगहॅमला चर्चमध्ये प्रार्थनेला जायची हुक्की येते. डोक्यावर बक्षीस असलेला माणूस, पण जाणार. मच नावाचा साथीदार सांगतो, बारा जण बरोबर ने. रॉबिन म्हणतो छे, एकटा लिटल जॉन पुरे, तो माझं धनुष्य उचलेल. आणि लिटल जॉन काय म्हणतो? म्हणतो, मालक, तुमचं तुम्ही उचला, माझं मी उचलतो, आणि वाटेत पैज लावून बाण मारू.

तुमचं तुम्ही उचला. मी आयुष्यात पाठीवर काय काय उचललंय त्याची यादी द्यायची ही जागा नव्हे. पण ही ओळ वाचली आणि डिक्शनरी बाजूला ठेवली. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज हमालच म्हणायचा हा, आपल्या लाडक्या नेत्याला तोंडावर सांगतो की तुझं ओझं तुझं. आणि तरी त्याच्याबरोबर चालतो.

पुढं पैज होते. जॉन पाच शिलिंग जिंकतो, मोजे आणि बूट घ्यायला. रॉबिन म्हणतो, खोटं. जॉन म्हणतो, माझे आहेत. रॉबिन त्याच्या तोंडात मारतो. पाच शिलिंगांसाठी नेता आपल्या सगळ्यांत जवळच्या माणसाच्या तोंडात मारतो. जॉन तलवार उपसतो, पण वार करत नाही. एवढंच सांगतो की तू मालक नसतास तर महागात पडलं असतं, आता दुसरा गडी शोध, मी तुझा नाही. आणि जंगलात निघून जातो.

रॉबिन एकटाच गावात जातो. चर्चमध्ये एक साधू त्याला ओळखतो, ज्याचे शंभर पौंड रॉबिननं कधीतरी लुटलेले. साधू शेरीफला खबर देतो. रॉबिन बारा जणांना मारतो, तलवार मोडते, पकडला जातो. जंगलात बातमी पोचते तेव्हा बाकीचे बेशुद्ध पडतात, फक्त जॉन उभा राहतो. ज्यानं पाच शिलिंगांवरून मार खाल्ला तोच. तो आणि मच रस्त्यात त्या साधूला गाठतात, साधू राजाकडे खबर घेऊन निघालेला असतो. जॉन साधूचं डोकं उडवतो. मच साधूबरोबरच्या छोट्या पोराला मारतो, त्यानं सांगू नये म्हणून.

इथं मी थांबतो, पोवाडा थांबत नाही. तो पुढच्या ओळीवर जातो. त्या पोराला नाव नाही. तो साधूची पिशवी धरणारा, घोड्याचा लगाम धरणारा पोरगा. तोही कुणाचा तरी गडीच. एका नेत्याला सोडवायला निघालेल्या गड्यांनी दुसऱ्या मालकाच्या गड्याला मारलं, आणि शाळेतल्या पोरांच्या रंगीत पुस्तकांतून तो पोरगा गाळून टाकलाय. निष्ठेच्या कुठल्याही गोष्टीत मी आता हा पोरगा शोधतो. दंगलीत शोधतो. तो सापडतोच. बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या गल्लीतला असतो.

मग जॉन राजाला गंडवतो, राजाचा शिक्का मिळवतो, शेरीफला दारू पाजून झोपवतो, तुरुंगाच्या रखवालदाराला मारून रॉबिनला बाहेर काढतो. जंगलात पोचल्यावर म्हणतो, तू माझं वाईट केलंस, मी तुझं चांगलं केलं, आता मी चाललो. तेव्हा रॉबिनला लाज वाटते. तो म्हणतो, थांब, आजपासून तू माझा आणि माझ्या सगळ्या माणसांचा मालक हो. आणि जॉन नाही म्हणतो. मालक व्हायचं नाही. मला ‘फेलो’ राहू दे, दुसरं काही नको.

फेलो. साथी. बरोबरीचा गडी, पाणक्या गडी नव्हे. मालकीची खुर्ची समोर आली आणि या माणसानं ती उचलून बाजूला ठेवली. रॉबिनलाही ‘मालक’ या शब्दातून सोडवायचा प्रयत्न केला, असं मी वाचतो. विद्वान वेगळं वाचतील. त्यांना तेवढं काम आहे.

पण राजा काय म्हणतो ते ऐका. राजाला सगळी हकिकत कळते तेव्हा तो चिडत नाही. तो कौतुकानं म्हणतो की लिटल जॉन आपल्या मालकाशी इमानी आहे. बस. जॉन म्हणाला साथी, राजानं ऐकलं इमानी नोकर. गेली साडेपाचशे वर्षं इंग्रजी भाषेनं राजाचं ऐकलं. तुमचं तुम्ही उचला म्हणणारा माणूस, पाच शिलिंग मागणारा माणूस, मालक व्हायला नकार देणारा माणूस, सगळा पुसून टाकला आणि उरलं काय, तर हिज मेरी मेन. हसरे, हिरवे, हाकेला ओ देणारे.

हे पुसायचं काम टप्प्याटप्प्यानं झालं. १५९८ साली अँथनी मंडे नावाच्या नाटककारानं रॉबिनला हंटिंग्टनचा अर्ल करून टाकलं. जुन्या पोवाड्यांत तो साधा योमन होता, ना सरदार ना भूदास, मधला. आता तो सरदारच, अन्यायानं जंगलात आलेला. नायक वर गेला की गडी आपोआप खाली येतात. म्हणजे गरिबांसाठी लढायलाही आधी उच्च कुळातला माणूस पाहिजे! ओळखीचं वाटतं ना? १९३८ च्या हॉलिवूडच्या रंगीत सिनेमात एरॉल फ्लिन असाच खानदानी रॉबिन आहे आणि बाकीचे त्याच्यामागं हसतायत. फारच हसतात. पोवाड्यातले एवढे हसत नाहीत.

गोष्टीत दम होता हे खरं, नाहीतर सत्ताधारी घाबरले नसते. १९५३ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळावरच्या एका बाईंनी मागणी केली की रॉबिन हुड शाळेतून काढा, श्रीमंताचं लुटून गरिबाला देणं म्हणजे कम्युनिझम. त्यावर १९५४ साली तिथल्या विद्यापीठातल्या मूठभर पोरांनी कोंबडीची पिसं गोळा केली, हिरवी रंगवली आणि कॉलेजभर लावली. त्या पोरांचा रॉबिन कुणी नव्हता. नुसतीच पिसं.

पण नेता सत्तेत गेला की गड्यांचं काय होतं, हेही ‘गेस्ट’मध्ये आहे, आणि ते आपल्यातल्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. राजाची माफी मिळाल्यावर रॉबिन दरबारात राहायला जातो. पंधरा महिने राहतो. तिथं सरदारांत, बड्या लोकांत नाव व्हावं म्हणून जाईल तिथं पैसा उधळतो. शंभर पौंड जातात, आणि पोवाडा स्पष्ट सांगतो, त्याच्या माणसांचा पगारही जातो. माणसं एकेक करून निघून जातात. शेवटी दोघंच उरतात, लिटल जॉन आणि स्कॅथलॉक. मग एक दिवस पोरं नेमबाजी करताना दिसतात आणि रॉबिनला रडू येतं, की मी कधी इंग्लंडातला सगळ्यांत चांगला तिरंदाज होतो. देवदर्शनाचं निमित्त काढून सात दिवसांची सुटी मागतो आणि जंगलात परततो ते परततोच. पुढं बावीस वर्षं दरबाराचं तोंड बघत नाही.

परतल्यावर शिंग फुंकतो. आणि एकशे चाळीस तरणी माणसं रांगेत येतात, टोप्या काढतात, गुडघे टेकतात, मालक या म्हणतात. एकाही पठ्ठ्यानं विचारलं नाही की आमचा पगार कुणाच्या बापाच्या मेजवानीत घातलास?

हा गुडघा धोक्याचा. इंग्लंडातच त्याची किंमत मोजलेली आहे. १३८१ साली तिथले भूदास आणि कारागीर बंड करून लंडनवर चालून आले. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात त्यांचा नेता वॉट टायलर राजाशी बोलायला पुढं गेला आणि राजाच्या माणसांनी त्याला तिथंच भोसकला. हजारो माणसं धनुष्यं ताणून समोर उभी. तेव्हा चौदा वर्षांचा रिचर्ड राजा घोडा पुढं घालून म्हणाला, मीच तुमचा नायक, माझ्यामागं या. आणि ती माणसं गेली. त्याच्यामागं क्लर्कनवेलच्या शेतापर्यंत गेली. टायलरचं मुंडकं लंडनच्या पुलावर लागलं, भूदासांना दिलेल्या मुक्तीच्या सनदा जुलैमध्ये रद्द झाल्या. आयुष्यभर नायकामागं चालायची सवय असलेल्या पायांना नायक मेल्यावर समोरचा कुठलाही नायक चालतो. मारेकऱ्यांचा राजासुद्धा.

आता म्हणाल, हे सगळं इंग्लंडचं पुराण आपल्याला कशाला. एक तर याच इंग्रजांनी १८७१ साली इथं गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्यांच्या घरी बंडखोर म्हणजे एकेक माणूस, त्याला पोवाडा. आमच्याकडं आख्खी जमात जन्मजात चोर, तिला हजेरी. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. अण्णाभाऊ साठेंचा ‘फकिरा’ १९५९ साली आला तो या पार्श्वभूमीवर वाचा. भुकेल्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा मांगाचा पोर, आणि शेवटी आपल्या माणसांना सोडवायला स्वतः सरकारच्या हवाली होणारा. त्याच्याबरोबरच्या माणसांना ‘मेरी’ म्हणून बघा बरं. जीभ वळत नाही. तिथं नेता गड्यांसाठी गेला. अण्णाभाऊंनी पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलंय, शिंगाला किंवा तलवारीला नाही.

आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत काय बजावलं होतं? की धर्मातली भक्ती माणसाला मुक्तीकडं नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि हुकूमशाहीकडं नेते. ते भाषण आपल्यातले सगळे मोबाईलवर फॉरवर्ड करतात. आणि लगेच साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आपला फोटो कितव्या रांगेत आला ते बघायला नाक्यावर जातात.

त्या बॅनरवर शब्द असतो ‘निष्ठावंत शिलेदार’. हा तर आपला मराठी मेरी मेन. पण शिलेदार कोण हे इतिहासाच्या पुस्तकात बघा. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन लढायला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. साहेबाच्या पेट्रोलवर, साहेबाच्या टी-शर्टात, साहेबाच्या बिर्याणीवर मोर्चाला जाणारा पोरगा शिलेदार कसा? तो बारगीरसुद्धा नाही, बारगिराचा घोडा तरी मेला तर सरकार दुसरा देत होतं.

माझ्या गल्लीतला एक पोरगा आहे. आयटीआय झालेला, फिटर. सहा वर्षांपूर्वी साहेबांनी हाक दिली तेव्हा रस्त्यावर उतरला. दगड त्यानं मारला की नाही हा वेगळा मुद्दा, केस लागली. साहेब नंतर दरबारात गेले, तिथं त्यांचं बरं चाललंय. पोराला दोनदा नोकरी मिळाली आणि दोन्ही वेळा पोलीस व्हेरिफिकेशनला गेली. तारखेला त्याची आई कामाचा खाडा करून कोर्टात बसते. वकील दर तारखेला पैसे घेतो. या पोराला अजून कुणी विचारलं तर सांगतो, मी साहेबांचा माणूस. हिज मॅन.

मी नेता नको म्हणत नाही. गोदीत मुकादमाशिवाय स्लिंग हलत नाही हे मला कळतं. खाली उभा राहून हात करणारा माणूस लागतोच, नाहीतर वरचं ओझं डोक्यावर येतं. पण त्या मुकादमाला आम्ही संध्याकाळी हिशोब विचारतो, आणि तो देतो. ‘गेस्ट’मध्ये एका जागी लिटल जॉनच्या गुडघ्यात बाण घुसतो. तो म्हणतो, मला जिवंत शेरीफच्या हाती देऊ नका, डोकं उडवा आणि पळा. रॉबिन नाही म्हणतो. मग मच त्याला पाठीवर घेतो आणि मैलभर वाहून नेतो. मध्ये मध्ये खाली ठेवतो, चार बाण मारतो, परत उचलतो. असं उचलणं मला मान्य आहे. ही हमाली मी फुकट करीन.

त्या फिटर पोराची पुढची तारीख बारा दिवसांवर आहे. त्याआधी आम्ही चौघंजण साहेबांच्या ऑफिसात जाणार आहोत. झेंडा नाही, मफलर नाही, घोषणा नाही. सहा वर्षांच्या तारखांच्या आणि वकिलाच्या पावत्या त्या माऊलीनं एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, ती पिशवी टेबलावर ठेवणार. बरोबर यायचं असेल त्यानं यावं. पोरगा स्वतः यायला अजून तयार नाही.